बहिष्काराला खाती नसतात

दलित साहित्याची समीक्षा करताना काही शब्द आपण इतक्या सवयीने वापरू लागलो आहोत, की त्या शब्दांमागचा माणूस कुठल्या बाजारात जातो, कुठल्या गाडीत बसतो, कुठल्या कारखान्याच्या दारात अर्ज घेऊन उभा राहतो आणि मतदानाच्या दिवशी नेमका कुठे असतो, हे विचारायचे आपल्याला सुचत नाही. वेदना, नकार, विद्रोह हे शब्द खोटे नाहीत. एके काळी त्यांनी प्रस्थापित समीक्षेला दार उघडायला लावले. पण आज हे शब्द प्रश्नपत्रिकेत जाऊन बसले आहेत. मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात मराठी शिकवतो. दरवर्षी ‘आत्मकथनातील वेदना स्पष्ट करा’ या प्रश्नाची शंभरेक उत्तरे मी तपासतो. उत्तरे बरी असतात. पण ही वेदना कोणत्या नियमाने, कोणत्या नकाशाने, कोणत्या परवान्याने घडवली, याचा उल्लेख शंभरांत एकाही उत्तरात नसतो. विद्यार्थ्यांचा त्यात दोष नाही. आपणच त्यांना तसे वाचायला शिकवले आहे.

सरकार आपला कारभार खात्यांत वाटून घेते. व्यापाराचे खाते वेगळे, रस्ते आणि वाहतुकीचे वेगळे, कामगारांच्या प्रशिक्षणाचे वेगळे. मताचा प्रश्न तर निवडणूक आयोगाकडे. आपण वाचकांनीही हीच वाटणी मुकाट्याने पत्करली. मतावर राज्यशास्त्राचा प्राध्यापक बोलतो, व्यापारावर अर्थशास्त्राचा बोलतो, आणि आम्हा मराठीवाल्यांच्या वाट्याला वेदना येते. मला या लेखात एवढेच म्हणायचे आहे, की दलितांविरुद्ध वापरले गेलेले सर्वांत जुने हत्यार म्हणजे बहिष्कार, आणि त्याने ही खाती कधीच मानली नाहीत. मत मागितले की दुकान बंद होते, दुकान थाटले की वाट बंद होते, वाट मागितली की काम बंद होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हे फार लवकर ओळखले होते. त्यांचे धोरणविषयक कागद आपण वाङ्मय म्हणून वाचत नाही आणि त्यांचे आत्मपर लेखन धोरण म्हणून वाचत नाही. म्हणून ही ओळख आपल्या हातून निसटते.

पहिला कागद १९१९ सालचा. मताधिकाराचा विचार करण्यासाठी नेमलेल्या साउथबरो समितीपुढे २७ जानेवारी १९१९ रोजी बाबासाहेबांची साक्ष झाली. तेव्हा ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक होते. समितीपुढचा प्रश्न सरळ होता : मत कोणाला द्यावे? त्या काळी मत माणसाला नव्हते, मालमत्तेला होते. जो शेतसारा भरतो, ज्याच्या घराचे अमुक भाडे येऊ शकते, जो प्राप्तिकर देतो, तो मतदार. या साक्षीत बाबासाहेब बोलता बोलता व्यापारावर येतात. अस्पृश्याला व्यापार बंद आहे, कारण त्याला गिऱ्हाईक मिळत नाही, असे ते सांगतात. आणि दाखला देतात एका महार बाईचा, जिला कलिंगडे विकल्याबद्दल पोलिसांपुढे नेले होते.

वरवर वाचणाऱ्याला हे विषयांतर वाटेल. मताच्या चर्चेत कलिंगडाचे काय काम? पण साक्षीतले सगळे तर्कशास्त्र त्या कलिंगडात आहे. मत मालमत्तेला, मालमत्ता व्यापारातून, व्यापार गिऱ्हाइकावर, आणि गिऱ्हाईक विटाळावर अवलंबून. म्हणजे मतदार यादीचा शेवटचा दोरा सरकारी कचेरीत नसून गावच्या बाजारात होता. सरकारने मालमत्तेची अट घालताना जातीचा उल्लेखही केला नव्हता. तरीही ती अट जातीची अट झाली. म्हणूनच अस्पृश्यांसाठी मताची पात्रता खाली आणा, अशी त्यांची मागणी होती. पुढे सायमन आयोगाच्या वेळी, मे १९२९ च्या आपल्या स्वतंत्र अहवालात, त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी मांडली. मागणीचा पल्ला वाढला, पण तिच्यामागचे निदान तेच राहिले. ज्याच्या हाती बाजार नाही त्याच्या हाती मत येत नाही, आणि मत आले तरी ते टिकवायला बाजार लागतो.

दुसरा कागद १९३० सालचा. मुंबई सरकारने १९२८ च्या अखेरीस अस्पृश्य आणि आदिवासी यांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी स्टार्ट समिती नेमली. बाबासाहेब तिचे सदस्य होते. समितीचा अहवाल सरकारी भाषेत लिहिलेला आहे, म्हणून तो कोणी साहित्याच्या तासाला काढत नाही. पण बहिष्काराचे इतके नेमके वर्णन मी कुठल्याही कथेत वाचलेले नाही. अस्पृश्यांनी आपले हक्क बजावायचा प्रयत्न केला की काय होते, हे अहवाल क्रमाने सांगतो. कसायला दिलेली जमीन काढून घेतली जाते. मजुरी थांबते. नेहमीच्या पायवाटा बंद होतात. गावचा वाणी मीठमिरचीसुद्धा विकत नाही. आणि हे सगळे घडायला फार मोठे कारण लागत नाही. सार्वजनिक विहिरीवर जाणे, अंगावर बरा कपडा घालणे किंवा नवरदेवाने घोड्यावर बसणे एवढे पुरते.

या यादीकडे नीट पाहावे. वाणी म्हणजे व्यापार, पायवाट म्हणजे वाहतूक, मजुरी म्हणजे रोजगार. गावकीला यांतले एकही खाते वेगळे काढावे लागले नाही. एका रात्रीत, एका चावडीवर, चारही आघाड्यांवर हुकूम सुटतो. जिल्ह्याच्या कलेक्टरलाही जमणार नाही इतकी एकजूट त्या हुकमात असते. आणि ज्याच्यावर हा हुकूम सुटतो त्याने दाद कोठे मागायची? वाण्याविरुद्ध एका कचेरीत, वाटेसाठी दुसऱ्या कचेरीत, मजुरीसाठी तिसऱ्या. तो कचेऱ्यांच्या पायऱ्या चढत असतो, तोवर घरातले पीठ संपते.

याच समितीच्या कामासाठी बाबासाहेब १९२९ मध्ये खानदेशात हिंडत होते. एका गावातल्या बहिष्काराची चौकशी करून परतताना ते चाळीसगावला उतरले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या त्यांच्या छोट्या आत्मपर लेखनात पुढची हकीकत आहे. स्टेशनवरून वस्तीत जायला टांगा हवा होता. टांगेवाले महाराला बसवून टांगा हाकायला तयार नव्हते. शेवटी एकाने टांगा दिला, पण हाकायला नकार दिला. वस्तीतल्या लोकांना पाहुण्याने पायी यावे हे बरे दिसेना. म्हणून त्यांच्यातलाच एक जण टांगा हाकायला बसला. त्याला ते काम येत नव्हते. वाटेतल्या पुलावर चाक अडकले, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

हा प्रसंग आपण अपमानाचा प्रसंग म्हणून शिकवतो. तो तसा आहेच. उच्चशिक्षित बॅरिस्टरला साधा टांगेवाला हलका समजतो, हे लिहिताना बाबासाहेबांची लेखणी जड झाली आहे. पण तेवढ्यावर थांबले तर त्यातला धोरणाचा धडा हुकतो. रस्ता होता, पूल होता, भाडे द्यायला पैसे होते, टांगाही मिळाला. मिळाला नाही तो हाकणारा. आणि वस्तीत हाकता येणारा माणूस का नव्हता? कारण ज्याच्या टांग्यात गिऱ्हाईक बसणार नाही तो टांगा घेणार कशाला, आणि ज्याच्याजवळ टांगा नाही तो हाकायला शिकणार कोठे? व्यापार बंद म्हणून धंदा नाही, धंदा नाही म्हणून कसब नाही, कसब नाही म्हणून रस्ता असूनही पाय मोडतो. बहिष्काराची चौकशी करायला आलेल्या सरकारी समितीच्या सदस्याच्या पायावर त्या बहिष्काराने स्वतःचा अहवाल लिहून ठेवला. याच लेखनात १९०१ सालची मसूर स्टेशनची आठवण आहे. तिथे गाडीवान दुप्पट भाडे घेतो, मुलांना गाडी हाकायला लावतो आणि स्वतः बाजूने चालतो. भाडे घ्यायला विटाळ आड येत नाही. शेजारी बसायला येतो.

ज्या समाजाला गाडीत जागा नव्हती तोच समाज गावाची वाहतूक होता, हेही विसरता येत नाही. सांगावा पोचवायचा, साऱ्याचा पैसा तालुक्याला न्यायचा, अंमलदाराचे ओझे वाहायचे, वाट दाखवत पुढे धावायचे ही महारकीतली कामे. त्याचा मोबदला बलुते. बलुत्यात सौदा नाही, भाव नाही, नाही म्हणण्याची सोय नाही. व्यापाराच्या शास्त्रात ज्याला विनिमय म्हणतात तो येथे कधी झालाच नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदे मंडळात महार वतनाच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या अर्थाने मजुरीचेही होते, वाहतुकीचेही होते आणि व्यापाराचेही.

मुंबईच्या गिरण्यांत तर ‘खाते’ हा शब्दच जातीचा झाला होता. विणकामाच्या खात्यात पगार चांगला. पण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून अस्पृश्य कामगाराला तिथे मज्जाव. हा मज्जाव मालकाच्या लेखी नियमात नव्हता. तो सोबतच्या स्पृश्य कामगारांनी पाळला होता. १९२८ च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठेवला. कामगारांच्या एकजुटीची भाषा बोलणाऱ्यांना तो अडचणीचा वाटला. आजही वाटतो. पण कसब शिकण्याचे दार जिथे जातीने बंद होते, तिथे कामगार म्हणून एक व्हा, हे सांगणे म्हणजे बंद दाराला रंग देणे आहे.

तिसरा कागद मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. त्या वेळी या खात्याकडे मजुरांबरोबर सिंचन, वीज, सरकारी बांधकामे, खाणी असे बरेच काही होते. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉयला अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक निवेदन दिले. त्यात कायदेमंडळातल्या जागा आहेत, नोकऱ्या आहेत, विज्ञान व तंत्रशास्त्राच्या शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या आहेत. शिवाय सरकारी छापखान्यांत आणि रेल्वेच्या कारखान्यांत आमच्या मुलांना उमेदवार म्हणून घ्या, अशी मागणी आहे. आणि सरकारी कंत्राटांत आमचा माणूस का नाही, असा प्रश्नही आहे. एकाच निवेदनात राजकीय प्रतिनिधित्व, कसबाचे शिक्षण आणि सरकारी खरेदीविक्री! हे निवेदन लिहिणाऱ्याच्या डोक्यात खाती नव्हती. त्याच्या डोळ्यांपुढे चावडीवरचा तो हुकूम होता. हुकूम सर्व बाजूंनी येतो, तर मागणीही सर्व बाजूंनी गेली पाहिजे.

निवेदनाला फळ आले. १९४३ मध्ये केंद्राच्या नोकऱ्यांत ८.३३ टक्के जागा राखल्या गेल्या. १९४४ पासून मॅट्रिकनंतरच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. ती शिष्यवृत्ती नसती तर माझ्या घरातला पहिला पदवीधर मी झालो नसतो आणि हा लेख लिहिला गेला नसता. तेव्हा सरकारी धोरणाने काहीच होत नाही, असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसू शकत नाही. माझी तक्रार वेगळी आहे. निवेदनातली मागणी एकसंध होती. राज्यकर्त्यांनी ती तुकड्यातुकड्यांनी मान्य केली आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या खात्याच्या कपाटात ठेवला.

घटनेने मत दिले. कलम ३२६ ने ते प्रत्येक प्रौढाला दिले, मालमत्तेची अट गेली, कलिंगडवालीची नात मतदार झाली. कलम १५ ने दुकान, विहीर, रस्ता यांवरची बंदी मोडली. पण २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात बाबासाहेबांनी इशारा दिलाच होता, की राजकारणात समता आणि समाजात, अर्थव्यवहारात विषमता अशा विसंगतीत आपण पाऊल टाकत आहोत. हे भाषण आपण दरवर्षी व्याख्यानमालांत ऐकतो. ती विसंगती आज कोणकोणत्या खात्यांत मुक्कामाला आहे, हे मात्र कोणी दाखवत नाही. चार ठिकाणी ती मला स्पष्ट दिसते.

प्रशिक्षणापासून सुरुवात करू. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा. १९७३ च्या दुरुस्तीने त्यात अनुसूचित जाती-जमातींसाठी उमेदवारीच्या जागा राखल्या गेल्या. १९४२ च्या मागणीला एकतीस वर्षांनी कायद्यात जागा मिळाली. पण याच कायद्याच्या कलम २२ ने मूळातच सांगून ठेवले होते, की उमेदवारी पुरी केलेल्याला नोकरी देणे मालकावर बंधनकारक नाही. शिकण्याला राखीव जागा, कामाला नाही. माझा धाकटा भाऊ फिटरचा आय.टी.आय. झाला. एका कारखान्यात त्याने वर्षभर अप्रेंटिस म्हणून काढले, कायम कामगाराच्या बरोबरीने पाळ्या केल्या, आणि वर्षाच्या शेवटी प्रमाणपत्र घेऊन बाहेर आला. त्याच्या जागी दुसरा अप्रेंटिस आला. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने ‘मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना’ काढली. सुरुवातीला सहा महिन्यांसाठी बारावी झालेल्याला महिना ६,००० रुपये, आय.टी.आय. वा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,०००. योजना नवी, गाभा तोच. माणूस कामगार न होता प्रशिक्षणार्थीच राहतो. ज्याच्या काकामामांची कारखान्यात ओळख आहे त्याला प्रशिक्षण ही पायरी ठरते. ज्याची नाही त्याला ते प्रतीक्षालय ठरते.

रस्त्याचे पाहा. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा. ५ जून २०२५ ला तो पूर्ण खुला झाला. त्यावर दुचाकीला आणि तीनचाकीला मनाई आहे. वेगाच्या दृष्टीने ते योग्यही असेल. पण त्या महामार्गालगतच्या वस्तीतल्या माणसाकडे जे काही वाहन असते ते बहुधा तेच असते. हा रस्ता बांधताना १ ऑगस्ट २०२३ रोजी शहापूर तालुक्यात यंत्र आणि तुळई कोसळून वीस जण मेले. बांधणारे हात आणि धावणारी चाके यांची गाठ त्या रस्त्यावर क्वचितच पडते. दुसरीकडे, ज्या एस.टी.ने १ जून १९४८ पासून गावातल्या पोरांना शाळेपर्यंत आणि बायकांना बाजारापर्यंत नेले, तिच्या कामगारांना २०२१-२२ मध्ये महिनोन्‌महिने संप करावा लागला. कोणता रस्ता आधी आणि कोणती गाडी नंतर, हा निर्णय अभियंत्याचा म्हणून सांगितला जातो. तो सामाजिक निर्णय आहे.

व्यापाराचे तर विचारू नये. केंद्र सरकारच्या २०१२ च्या खरेदी धोरणाने सरकारी खरेदीतला चार टक्के माल अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून घ्यावा, असे ठरवले. १९४२ च्या कंत्राटांच्या प्रश्नाला हे सत्तर वर्षांनी आलेले उत्तर. ती चार टक्क्यांची रेघ वर्षानुवर्षे गाठली जात नाही. चामड्याचे उदाहरण अधिक बोलके आहे. २०१५ मध्ये महाराष्ट्राने गोवंश हत्याबंदी बैल-वळूंपर्यंत वाढवली. कातड्याचा पुरवठा आटला. टेम्पोत कातडे घालून निघालेल्या माणसाला वाटेत कोण अडवील याची धास्ती बसली. २०१९ मध्ये त्याच धंद्यातल्या कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये मिलान शहरातल्या फॅशनच्या मंचावर प्रादा या परदेशी कंपनीने तशीच चप्पल मिरवली, तेव्हा आपल्याकडे सर्वांचा स्वाभिमान जागा झाला. एका खात्याने कातडे अडवले, दुसऱ्या खात्याने नावाला प्रमाणपत्र दिले, आणि चप्पल शिवणारा चांभार मधल्या मध्ये राहिला. नावाचा अभिमान सगळ्यांचा; कातड्याचा धोका मात्र त्याच्या एकट्याचा.

आणि मत. ते तरी पुरते हाती आहे का? दिवाळीच्या सुमारास मराठवाड्यातून लाखो माणसे ऊसतोडीला निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, नवराबायकोचा मिळून एक कोयता धरला जातो, आणि पुढचे पाचसहा महिने फडातच जातात. त्यांत दलित आणि भटक्या-विमुक्त कुटुंबांचा वाटा मोठा आहे. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ ला झाले. उसाचा हंगामही त्याच महिन्यातला. सैनिकाला टपाली मत आहे, निवडणुकीच्या कामावरच्या कर्मचाऱ्याला आहे. कोयत्याला नाही. निवडणूक आयोगाने २०२२ च्या अखेरीस स्थलांतरितांसाठी दूरस्थ मतदानयंत्राचा प्रस्ताव मांडला. पक्षांनी शंका काढल्या आणि तो तिथेच थांबला. शंका खऱ्या असतील. पण शंका फिटेपर्यंत फडातल्या माणसाने काय करावे, हे कोणी सांगितले नाही. त्याचे नाव यादीत आहे, बूथ गावात आहे, तो मात्र तीनशे किलोमीटरवर आहे आणि परत यायची गाडी मुकादमाच्या मर्जीची आहे. १९१९ मध्ये मत मालमत्तेने अडवले होते. येथे ते उचलीने, अंतराने आणि गाडीने अडवले आहे. म्हणजे कर्ज, काम आणि वाहतूक. पुन्हा तीच गाठ.

ही गाठ केवळ आपल्याच देशात आहे असेही नाही. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपल्या चळवळीचे नाते जुने आहे. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. डू बॉईस यांना पत्र लिहिले होते; १९७२ च्या दलित पँथरने तर नावच तिकडून घेतले. तिकडच्या कवितेचा परिणाम आपण पुष्कळ चर्चिला, पण टेनेसी राज्यातल्या फेयेट परगण्याची हकीकत आपल्याकडे फारशी कोणी सांगत नाही. १९५९-६० मध्ये तेथल्या कृष्णवर्णीय कुळांनी मतदार म्हणून नावे नोंदवली. नोंदवणाऱ्यांच्या याद्या गोऱ्या मालकांत आणि दुकानदारांत फिरल्या. मालकांनी कुळांना जमिनीवरून हुसकले, दुकानदारांनी किराणा नाकारला, गाड्यांना तेल मिळेना. १९६० च्या हिवाळ्यात ती कुटुंबे तंबूत राहिली. स्टार्ट समितीचा अहवाल त्या गोऱ्या दुकानदारांनी नक्कीच वाचला नव्हता. पण वर्चस्व टिकवायचे तर एकाच वेळी दुकान, जमीन आणि गाडी रोखायची, हे ज्ञान त्यांनाही होते. १९६५ च्या मताधिकार कायद्याने तिथल्या सरकारने बळकट पहारा बसवला. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने त्या पहाऱ्याचा कणा काढला. मिळालेले मत कायमचे मिळालेले नसते, एवढे त्यावरून शिकावे.

आपल्याकडे एका कायद्याने मात्र ही गाठ ओळखली आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्याची मोठी दुरुस्ती २०१५ मध्ये झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून ती अमलात आली. तिच्यातली गुन्ह्यांची यादी वाचावी. मत देण्यापासून रोखणे. रस्ता आणि सार्वजनिक वाहन वापरू न देणे. सायकल वा मोटारसायकलवर बसायला, वरातीत घोड्यावर बसायला हरकत घेणे. दुकानात, शिक्षणसंस्थेत शिरू न देणे. धंदा, व्यापार, नोकरी करू न देणे. आणि सामाजिक वा आर्थिक बहिष्कार टाकणे. ही यादी म्हणजे स्टार्ट समितीचा अहवाल आणि चाळीसगावचा टांगा यांचे कायद्यातले रूप आहे. कायदा लिहिणाऱ्यांना चारही गोष्टी एकत्र दिसल्या; पण त्या दिसल्या गुन्हा म्हणून. अर्थसंकल्प लिहिताना, रस्ता आखताना, प्रशिक्षणाची योजना काढताना, निवडणुकीची तारीख ठरवताना त्याच गोष्टी पुन्हा चार कपाटांत जातात. मार बसल्यावर सरकार एक होते. मार बसू नये म्हणून मात्र एक होत नाही.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला आक्षेप आमच्याच साहित्यिक मित्रांचा : हे सगळे समाजशास्त्र झाले, यात साहित्य कुठे आहे? माझे उत्तर असे, की दलित साहित्याने साहित्याची जी व्याख्या बदलली तिला आपणच घाबरू नये. साक्ष, निवेदन, चौकशीचा अहवाल हे आपल्या वाङ्मयाचे आद्य प्रकार आहेत. ज्यांना छापखाना नव्हता त्यांचे पहिले गद्य साक्षीच्या पिंजऱ्यात उभे राहून बोलले गेले. दुसरा आक्षेप कार्यकर्त्यांचा : कंत्राटे आणि व्यापार यांच्या मागण्या म्हणजे आपल्यातलेच चार शेठ तयार करणे नव्हे काय? ही भीती निराधार नाही. पण कलिंगड विकणारी बाई शेठ होऊ पाहत नव्हती. बाजारात बसण्याचा हक्क आणि बाजारावर मालकी गाजवण्याची हाव यांत फरक करता आला पाहिजे. तो फरक न करता व्यापाराकडे पाठ फिरवली, तर बाजार आहे त्यांच्याच हाती राहतो आणि आपल्या हाती निषेधाचा ठराव राहतो.

बहिष्काराला उलट उत्तर देण्याची परंपराही आपलीच आहे. महाडच्या १९२७ च्या संग्रामानंतर गावोगावी लोकांनी मेलेली ढोरे ओढायचे नाकारले. जुलै २०१६ मध्ये गुजरातेत उनाजवळ मेलेल्या गाईचे कातडे काढणाऱ्यांना मारहाण झाली, तेव्हा तिथल्या दलितांनी जनावरे उचलायचे थांबवले आणि काहींनी ती सरकारी कचेरीपुढे नेऊन टाकली. काम थांबवून त्यांनी दाखवून दिले, की गावाचा व्यवहार कोणाच्या हातांवर चालतो. पण नकाराला पर्यायी कसब, पर्यायी बाजार आणि जायला यायला गाडी यांची जोड नसेल, तर नकार देणाऱ्याच्या घरची चूल आधी विझते.

म्हणून विद्यार्थ्यांना, शिक्षकांना आणि कार्यकर्त्यांना माझे सांगणे आहे. आत्मकथन वाचताना वहीत चार रकाने आखा. या माणसाला माल कोण विकतो आणि याचा माल कोण घेतो? याच्या वस्तीपर्यंत कोणती गाडी येते आणि कोणती येत नाही? याला कोणते काम शिकवले गेले आणि शिकल्यावर कोणी दिले? मतदानाच्या दिवशी हा कोठे असतो? पुस्तक मिटल्यावर हीच वही घेऊन आपल्या गावात फिरा. एक रकाना बंद पडला की बाकीचे तीन कसे बंद पडतात हे तेथे दिसेल. मग मोर्चा नेताना निवेदन एका खात्याच्या नावे लिहू नका. चारही खात्यांच्या अधिकाऱ्यांना एका टेबलाशी बसवा आणि एकच प्रश्न विचारा : गावकीला जे एका रात्रीत जमते, ते तुम्हाला एवढ्या वर्षांत का जमले नाही?